गावातली गोष्ट लिहिताना आणि चित्रित करताना

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांनी नागदेवाचार्यांकडून त्या ऐकल्या, ज्या प्रसंगांना दुसरे कोणी साक्षी होते त्यांच्यासाठी त्या त्या माणसांना गाठून विचारले, आणि सांगणाऱ्याच्या बोलण्याचा घाट शक्य तितका राखून ते लिहून काढले. त्यातून तयार झालेले लीळाचरित्र मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत गणले जाते. पुढे त्याच परंपरेत स्थानपोथी सिद्ध झाली आणि तिच्यात कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, स्वामींचे आसन कोठे होते अशा गोष्टींची नोंद झाली. चित्रपट करणारी मंडळी ज्याला स्थळपाहणी म्हणतात आणि लेखक ज्याला तपशील म्हणतात, त्या दोहोंची इतकी काटेकोर उदाहरणे विदर्भाच्या मातीत असताना सुरुवात तेथूनच करणे मला योग्य वाटते.

हे टिपण विदर्भातील खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी राहून कथा लिहू पाहणाऱ्या, अथवा हातातल्या मोबाइलवर छोटा चित्रपट करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. लेखक आणि दिग्दर्शक यांचे काम वेगळे दिसत असले तरी पहिले दोन टप्पे, म्हणजे सामग्री जमवणे आणि तिच्यातून निवडणे, दोघांनाही सारखेच पार करावे लागतात. वाटा फुटतात त्या त्यानंतर. कल्पना केव्हा सुचेल हे कोणाच्याच हाती नसते, मात्र ती सुचल्यावर तिला उभे करण्याइतकी सामग्री जवळ असणे हे पूर्णपणे आपल्या हाती असते. नवोदितांचे लेखन बहुतेक वेळा अडते ते अपुऱ्या माहितीपाशी, आणि त्याचा दोष मात्र ते आपल्या प्रतिभेला देतात, असे माझे ठाम मत आहे.

वही कशी ठेवावी

सत्यजित राय आपल्या चित्रपटांची तयारी लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार हिशेबासाठी वापरतात तशा वह्यांत करीत. बंगालीत तिला खेरोर खाता म्हणतात. त्यांच्या त्या वह्यांत संवाद, चौकटींची रेखाटने, पात्रांचे कपडे, संगीताच्या नोंदी असे सारे एकत्र असे. तशी लाल चोपडी आपल्याकडेही तालुक्याच्या बाजारात मिळते, पण शाळेची दोनशे पानी वहीसुद्धा चालेल. वही कोणती यापेक्षा तिच्यात काय उतरवायचे हे ठरलेले असणे महत्त्वाचे आहे.

माझी सूचना अशी की डाव्या पानावर केवळ पाहिलेले आणि ऐकलेले लिहावे, तर उजवे पान आपल्या विचारांसाठी मोकळे ठेवावे. डाव्या पानावर मत येता कामा नये. ‘आजी दुःखी होती’ ही नोंद सहा महिन्यांनी काहीही परत देत नाही. ‘आजी बोलता बोलता तुरीच्या शेंगा सोलत होती, मुलाचे नाव निघाले तेव्हा तिने सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि ते तिच्या लक्षातही आले नाही’ ही नोंद मात्र जशीच्या तशी कथेत जाऊ शकते आणि चित्रपटातही एक पूर्ण दृश्य होऊ शकते. माणूस बोलत असताना त्याचे हात काय करीत होते, तो कोठे बसला होता, मध्येच कोण आले आणि त्यामुळे बोलणे कसे बदलले, हे त्याच संध्याकाळी लिहून टाकावे, कारण दुसऱ्या दिवशी आपण नकळत ते गुळगुळीत करून आठवतो.

पैशाच्या नोंदी विशेष जपून कराव्यात. कापूस वेचणीचा दर किलोला किती, मजुरी कोणत्या दिवशी चुकती होते, आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, गावात येऊन कापूस विकत घेणारा खेडा खरेदीवाला काटा कोणाच्या अंगणात लावतो आणि त्या अंगणाच्या मालकाला त्याचे काय मिळते, या गोष्टींवर गावातील निम्मे निर्णय ठरतात. लग्न पुढे ढकलले जाते, मुलीचे अमरावतीचे कॉलेज सुटते, दोन भाऊ वेगळे निघतात, तेव्हा त्यामागे बहुधा एक ठरावीक रक्कम आणि एक ठरावीक तारीख असते. ती रक्कम आणि ती तारीख लेखकाला ठाऊक असेल तर कथानक वेगळे रचावे लागत नाही.

वहीत बारा महिन्यांसाठी बारा पाने राखून ठेवावीत. मृगाची वाट, पावसाआधी केलेली धूळपेरणी आणि ती उलटण्याची धास्ती, डवरणी, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, भुलाबाईची गाणी, सोयाबीनची सोंगणी, पहिल्या वेचणीआधीचे सीतादही, मग वेचणीचे दिवस, शेवटी पऱ्हाटी उपटून मोकळे झालेले वावर. पूर्वेकडे गडचिरोलीत धानाची कापणी, मार्च-एप्रिलमधील मोहफुले आणि मे महिन्यातील तेंदूपत्ता. प्रत्येक पानावर त्या महिन्यात हवेला कोणता वास असतो, घरात कोण कोण असते, कोण बाहेरगावी गेलेले असते, उधारी कोठपर्यंत पोचलेली असते हे भरत जावे. पुढे कथा लिहिताना ‘हा प्रसंग कधी घडतो’ या प्रश्नाचे उत्तर या पानांवर मिळते, आणि महिना ठरला की निम्मा तपशील आपोआप ठरतो.

आणखी एक नोंद बहुतेक जण करीत नाहीत, ती म्हणजे जे बोलत नाहीत त्यांची. पारावर कोण बसते आणि कोण उभ्या उभ्या बोलून पुढे जाते, पाणी कोणत्या विहिरीचे, लग्नाच्या पंगतीत कोण शेवटी बसते, ग्रामसभेत कोणाचे नाव हजेरीत असूनही आवाज ऐकू येत नाही, हे पाहिल्याशिवाय गाव लिहिता येत नाही. गावातील ज्या ओसरीवर आपण लहानाचे मोठे झालो तेथून गावाचा काही भाग दिसतच नाही. तो भाग कोणता, हे प्रत्येकाने स्वतःच्या जात-वर्गाकडे पाहून प्रामाणिकपणे ठरवावे आणि तिकडे जाऊन बसावे.

माणसांशी बोलताना

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर गेल्या दोन-अडीच दशकांत इतके लिहिले गेले आणि चित्रित झाले की अनेक घरांना कॅमेरा नवा राहिलेला नाही. घरधनी गेल्यावर एक लाख रुपयांच्या शासकीय मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र याची चौकशी होते, आणि त्या चौकशीत त्या बाईने तीच हकीकत निरनिराळ्या माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगितलेली असते. त्यानंतर वार्ताहर येतात, संशोधक येतात, विद्यार्थी येतात. सांगून सांगून त्या हकीकतीचे शब्द ठरून गेलेले असतात. तिच्याकडून मृत्यूच्या दिवसाचे वर्णन पुन्हा काढून घेणे क्रूरपणाचे आहे, आणि कलेच्या दृष्टीनेही त्यातून नवे काही मिळत नाही. तिला यंदा काय पेरले ते विचारावे. सातबाऱ्यावर तिचे नाव चढले का, बैलजोडी ठेवली की विकली, औषध-बियाण्याच्या दुकानात ती स्वतः जाते का आणि दुकानदार तिच्याशी कसा बोलतो, मुलगा दहावीनंतर काय म्हणतो, हे विचारावे. त्या उत्तरांत ती बाई आजची, जिती, निर्णय घेणारी दिसते, आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे खरे तर तेच असते.

पहिल्या भेटीला कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण दोन्ही टाळावे. गावात नात्याने हाक मारण्याची रीत आहे. काकाजी, मामाजी, वहिनी, आत्या असे जे नाते लागत असेल त्याने बोलावे आणि आपण का आलो आहोत ते आरंभीच सांगावे. ज्याचे उत्तर हो किंवा नाही यात संपेल असा प्रश्न टाळावा. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी लगेच पुढचा प्रश्न न टाकता थोडे थांबावे, कारण मनातले वाक्य पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते. समोरची व्यक्ती रडू लागली तर चित्रीकरण बंद करावे की चालू ठेवावे याविषयी चित्रपट करणाऱ्यांत मतभेद आहेत. माझ्या मते ते बंद करावे, पाणी द्यावे आणि पुन्हा सुरू करायचे का हे त्यांनाच विचारावे.

संमती लेखी घ्यावी, साध्या मराठीत घ्यावी आणि वाचून दाखवावी. चित्रफीत यूट्यूबवर जाईल का, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल का, स्पर्धेला पाठवणार का, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय सही घेण्याला अर्थ नाही. अंतिम प्रत तयार होईपर्यंत माघार घेण्याचा हक्क त्यांना आहे, हेही त्या कागदावर असावे. कथालेखकाला सही लागत नाही, पण त्याची जबाबदारी कमी होत नाही. तीनशे घरांच्या गावात पात्राचे नाव बदलल्याने माणूस लपत नाही. मुलांची संख्या, धंदा, घराची जागा आणि प्रसंगांचा क्रम बदलावा लागतो. हे सगळे बदलूनही जी गोष्ट शिल्लक राहते, तीच तुमच्या कथेचा गाभा असते, म्हणून ही खबरदारी लेखनालाही उपकारकच ठरते.

कथा लिहावी की चित्रपट करावा

सामग्री हाती आल्यावरच हा निर्णय घ्यावा. त्यासाठी एक प्रश्न पुरतो: या प्रसंगातील निर्णायक गोष्ट डोळ्यांना दिसते का, कानांना ऐकू येते का, की ती कोणाच्या तरी मनातच घडते? एखाद्या शेतकऱ्याने दुसरे कर्ज घेतले आणि ते बायकोला सांगायचे नाही असे ठरवले, तर ते ठरवणे बाहेरून दिसत नाही. तेथे कथा समर्थ आहे, कारण ती एका वाक्यात माणसाच्या मनात शिरू शकते. याउलट जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, लोक बंडीखाली पोते अंथरून निजले आहेत, पहाटे कोणीतरी भाव उतरल्याची बातमी आणतो आणि रांगेतील काही जण गाडी परत वळवू लागतात, हा प्रसंग चित्रपटाचा आहे. त्यात कोणी एक शब्द बोलला नाही तरी तो कळतो.

मनातले बाहेर आणण्याचा एक जुना मार्ग म्हणजे वस्तू. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेल्या महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (1985) या नाटकात वाड्याच्या दारात एक गंजलेला, बंद पडलेला ट्रॅक्टर आहे आणि घरातली माणसे येता-जाता त्याला अडखळतात. घराण्याची ओसरती कळा सांगायला त्या ट्रॅक्टरने जे काम केले, ते पानभर संवादांनी झाले नसते. आपल्या सामग्रीत अशी वस्तू शोधावी, मात्र ती मुद्दाम आणून ठेवलेली नसावी. ज्या घराविषयी लिहीत आहोत त्या घरात ती आधीपासून असते: वापरात नसलेला फवारणीचा पंप, तारखेचे पान न फाडलेले कॅलेंडर, कोणीही न बसणारी खुर्ची. वही नीट ठेवली असेल तर ती वस्तू डाव्या पानावर कोठेतरी सापडतेच.

चित्रपट करायचे ठरले तर आधी एक मिनिटाचा प्रयोग करावा. दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करण्यापूर्वी भांडवल मिळवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून एक छोटी फीत तयार केली होती, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली होती. तुम्हाला भांडवल नको असले तरी स्वतःची खात्री पटवायची असतेच. एका कामाची, उदाहरणार्थ शेणाने अंगण सारवण्याची किंवा बैल जुंपण्याची, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली, संवाद नसलेली एक मिनिटाची फीत करावी. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे तिच्यात लगेच उघडे पडते.

बोलीचा प्रश्न

येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण विदर्भातील लेखकाची कसोटी येथेच लागते. नाटकांत आणि चित्रपटांत वऱ्हाडी बोलणारे पात्र बहुधा हसवण्यासाठी येते, आणि त्या सवयीमुळे आपल्याच भागातील मुले गंभीर प्रसंग लिहिताना प्रमाणभाषेकडे वळतात आणि विनोदासाठी बोली राखून ठेवतात. ही सवय सोडली पाहिजे. माणसे आपले सर्वांत मोठे दुःख आणि सर्वांत मोठा राग याच बोलीत बोलतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीतील कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि तिच्या बोलण्याला कोणी हसत नाही. त्या संवादांचा अभ्यास अवश्य करावा.

‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून रायला’ अशी रूपे वाक्यांवर शिंपडल्याने बोली होत नाही. वऱ्हाडीत वाक्याची चाल वेगळी असते, प्रश्न विचारण्याची रीत वेगळी असते, आणि बोलणारा कोण यावर तिचे रूप बदलते. सत्तर वर्षांची आजी ‘डोया’ म्हणेल, तिचा अमरावतीला शिकणारा नातू ‘डोळा’ म्हणेल, पण रागावला की तोही आजीसारखे बोलेल. या बदलातून पात्राविषयी जे कळते ते वर्णनातून सांगावे लागत नाही. अकोला-बुलढाण्याची वऱ्हाडी आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातील झाडीबोली यांची सरमिसळ करू नये. मेळघाटातील पात्राच्या घरात कोरकू असेल, गडचिरोलीच्या दक्षिणेकडे माडिया किंवा गोंडी असेल, नागपूरच्या रस्त्यावर हिंदी मिसळलेली असेल, आणि पात्र एका भाषेतून दुसरीत कोठे जाते हेही आपण वहीत टिपलेले असावे.

निवेदन कोणत्या भाषेत करायचे हा स्वतंत्र निर्णय आहे. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत ठेवणे सोपे पडते, परंतु त्यामुळे लेखक उंचावर आणि पात्रे खाली असा भास होण्याचा धोका असतो. निवेदक गावातलाच असेल तर सगळी कथा बोलीत लिहून पाहावी. पहिली दोन पाने अवघड जातात, नंतर वाक्ये स्वतःची लय धरतात. कोणताही मार्ग घेतला तरी लेखनाचे नियम आरंभी ठरवून एका कागदावर लिहून ठेवावेत. एकदा ‘रायला’ लिहिले की पुढे ‘राह्यला’ लिहू नये. आणि संवाद लिहून झाल्यावर ते गावातील कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्यावेत. वाचणारा जेथे अडखळतो किंवा स्वतःहून शब्द बदलून वाचतो, तेथे त्याचाच शब्द बरोबर आहे असे धरून चालावे.

चित्रीकरणाचे दिवस

लेखकाला मागे जाऊन वाक्य बदलता येते, चित्रपट करणाऱ्याला निघून गेलेला ऋतू परत आणता येत नाही. ‘पथेर पांचाली’च्या पहिल्या चित्रीकरणात राय यांनी काशफुलांच्या शेतातील दृश्याचा काही भाग घेतला, पुढच्या आठवड्यात ते परत गेले तेव्हा गुरांनी फुले खाऊन टाकली होती, आणि ते दृश्य पुरे करायला त्यांना पुढल्या वर्षीच्या बहराची वाट पाहावी लागली. आपल्याकडे पांढरे फुललेले कपाशीचे वावर एका वेचणीत बदलते. म्हणून शेतातील सर्व चौकटी, अगदी कथेत त्या वेगवेगळ्या दिवशी घडत असल्या तरी, वेचणी लागण्याआधी घ्याव्यात आणि वेचणी कोणत्या दिवशी आहे हे शेतमालकाला आधी विचारून ठेवावे. मजूर कामावर असताना त्यांना थांबवून पुन्हा पुन्हा तेच करायला लावू नये. वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि तुमच्या प्रत्येक ‘पुन्हा एकदा’चे पैसे त्यांच्या पदरातून जातात. थांबवायचेच असेल तर त्या वेळेची मजुरी द्यावी.

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि दुपारच्या डोक्यावरच्या सूर्याने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर बाहेरचे काम करावे, मधल्या वेळेत घरातले. घरात माणसाला दाराजवळ असे बसवावे की प्रकाश एका बाजूने चेहऱ्यावर येईल, आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा तुकडा धरावा. एवढ्याने चेहरा पुरेसा उजळतो. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड स्थिर करून घ्यावा, नाहीतर मागून बैल गेला तरी चित्र कमी-जास्त उजळत राहते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या प्रकाशात चित्र लुकलुकते. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सोय असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवावे. फुल एचडी दर्जा पुरेसा आहे, कारण त्याहून मोठ्या फायली साठवायला आणि संकलित करायला साधा संगणक अपुरा पडतो.

चित्रापेक्षा आवाजाची काळजी अधिक घ्यावी. थोडे अंधुक चित्र प्रेक्षक सोसतो, पण न समजणारा आवाज सोसत नाही. कॉलर माइक असेल तर उत्तम. नसेल तर दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणावर ठेवून बोलणाऱ्याच्या छातीशी, तोंडापासून वीतभर अंतरावर, कपड्यांच्या घडीत न घासेल असा ठेवावा, आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतात. वाऱ्यासाठी माइकला लोकरीचा किंवा मऊ फरचा तुकडा गुंडाळावा. प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा नुसता आवाज, कोणीही न बोलता, मुद्रित करून घ्यावा. संकलनात दोन वाक्यांमधील फट त्यानेच भरता येते. थ्रेशर, डीजे आणि भजनाचा भोंगा यांची वेळ गावकऱ्यांना विचारून ठेवावी. मागे वाजणारे चित्रपटगीत तुमच्या फितीत आले तर हक्कांचा प्रश्न उभा राहतो, कारण चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क आपल्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून साठ वर्षे टिकतो. ताडोबा, मेळघाट किंवा नवेगाव-नागझिरा येथे चित्रीकरण करायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी मिळवावी.

एका प्रसंगासाठी किमान तीन अंतरांवरून चित्रे घ्यावीत: जागा दाखवणारे लांबचे, माणूस आणि त्याचे काम दाखवणारे मधले, आणि हात किंवा चेहरा दाखवणारे जवळचे. प्रत्येक चित्र कृती सुरू होण्याआधी थोडे सुरू करावे आणि ती संपल्यावर थोडे चालू ठेवावे. दोन माणसे बोलत असतील तर कॅमेरा त्यांच्या एकाच बाजूला ठेवावा. त्या दोघांना जोडणारी कल्पित रेषा ओलांडली की कोण कोणाकडे पाहत आहे हे प्रेक्षकाला कळेनासे होते.

जुळणी आणि पुनर्लेखन

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने 1920 च्या दशकाच्या आसपास एकाच नटाचा तोच चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले. अर्थ चित्रात जितका असतो तितकाच तो शेजारात असतो. लेखनातही हेच घडते: परिच्छेदांचा क्रम बदलला की त्याच वाक्यांचा भाव बदलतो. म्हणून चित्रपटाच्या प्रत्येक तुकड्यासाठी आणि कथेच्या प्रत्येक प्रसंगासाठी एक चिठ्ठी करावी, त्या जमिनीवर मांडाव्यात आणि क्रम बदलून पाहावा. मुलाखती असतील तर त्या आधी शब्दशः लिहून काढाव्यात. हे कंटाळवाणे काम टाळल्याने पुढे कितीतरी अधिक वेळ जातो.

दोन्ही प्रकारांत आरंभ कापण्याचे धैर्य ठेवावे. पहिल्या खर्ड्यात आपण गोष्टीपर्यंत चालत जातो. ते चालणे वाचकाला नको असते. गावाचे वर्णन, पहाटेचा कोंबडा, चुलीचा धूर यांनी सुरू होणाऱ्या कथेतील पहिले पान बाजूला ठेवून वाचून पाहावे, बहुधा काही बिघडत नाही. चित्रपटातही गावाच्या पाटीपासून सुरुवात न करता पहिल्या प्रश्नापासून करावी. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पुढच्या दृश्याचा आवाज थोडा आधी सुरू केला, तर सांधा जाणवत नाही. भावना दाखवून झाल्यावर ती सांगणारे वाक्य किंवा संगीत असेल तर ते काढून टाकावे.

कोठे लांबले आहे हे ओळखण्याची उत्तम शाळा झाडीपट्टीत आहे. दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटके चालतात, वडसा हे त्या मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे, आणि या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. शंकरपट किंवा मंडईच्या निमित्ताने लागलेले असे एखादे नाटक पाहायला जावे, पण रंगमंचाकडे पाहण्याऐवजी एका बाजूला बसून प्रेक्षकांकडे पाहावे. कोणत्या वाक्याला माणसे पाठ ताठ करतात, केव्हा चहाला उठतात, लहान मूल घेऊन बसलेली बाई केव्हा त्याला थोपटायचे विसरते, हे वेळेसह टिपावे. तीच नजर नंतर आपल्या फितीच्या पहिल्या प्रेक्षकांवर ठेवावी. समाजमंदिरात पंधरा-वीस माणसांना ती दाखवताना आपण मागे न बसता बाजूला बसावे, आणि ‘कशी वाटली’ असे न विचारता ‘काय घडले ते सांगा’ असे विचारावे. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुम्ही सांगू पाहिलेली गोष्ट यांत जेथे अंतर पडते, तेथे पुन्हा काम करायचे आहे.

ज्यांच्यावर फीत आहे त्यांनी ती या सगळ्यांच्या आधी, एकट्याने किंवा घरच्यांसोबत पाहिलेली असावी.

पुढे पाठवताना

कथा पूर्ण झाल्यावर ती काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा मोठ्याने वाचावी आणि मगच पाठवावी. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच साहित्य पाहू लागतात, त्यामुळे दसऱ्याला पाठवलेली कथा त्या वर्षी लागण्याची आशा धरू नये. 1923 मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ हे नियतकालिक नियमित वाचावे, म्हणजे आपल्या भागात सध्या काय लिहिले जात आहे ते कळते. एकच कथा एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवू नये, आणि पाठवलेल्या प्रतीची नक्कल तारखेसह जवळ ठेवावी. चित्रपटाच्या मूळ फायली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. प्रत्येक फोल्डरला गाव, तारीख आणि व्यक्तीचे नाव द्यावे आणि त्यासोबत संमतिपत्राचे छायाचित्र जोडून ठेवावे, कारण स्पर्धेचे आयोजक ते मागतात आणि तोपर्यंत कागद बहुधा सापडेनासा झालेला असतो.